फी भरली, पण रिफ्रेशर कोर्सचं काय?

प्रश्न : २००७ साली डी.फार्म. (फार्मसीचा डिप्लोमा) झालो. विट्यात स्वतःचं मेडिकल आहे. नोंदणीची फी कधी चुकवली नाही. आता नूतनीकरणासाठी रिफ्रेशर कोर्सची प्रमाणपत्रं लागतात म्हणे. फी भरल्यावर हे कशाला? कंपन्यांच्या मीटिंगची सर्टिफिकेटं माझ्याकडे आहेत, ती चालतील का? – एक वाचक, विटा

उत्तर : फी १९४८ च्या फार्मसी कायद्याखाली भरावी लागते. ती मुदतीत आली नाही तर फार्मासिस्टची नोंद ठेवणाऱ्या राज्य फार्मसी कौन्सिलचा रजिस्ट्रार रजिस्टरमधून नाव काढतो; थकलेले पैसे भरल्यावर ते पुन्हा लागू शकतं. कोर्सची अट २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सची आहे : पाच वर्षांत किमान दोन रिफ्रेशर कोर्स, प्रत्येक निदान एक दिवसाचा. फी भरली म्हणून कोर्स माफ होत नाही.

कंपनीच्या मीटिंगची सर्टिफिकेटं धरू नका. हॉटेलात संध्याकाळी दोन तास नव्या गोळीची माहिती ऐकणं म्हणजे रिफ्रेशर कोर्स नव्हे. नाव नोंदवण्याआधी हा कोर्स महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलला मान्य आहे ना, ते विचारून घ्या. पहिला कोर्स मुदतीच्या सुरुवातीलाच उरका. दोन्ही शेवटच्या दोन महिन्यांवर ठेवले की जागा मिळत नाही, नाहीतर प्रमाणपत्रावर नाव चुकतं आणि दुरुस्तीला वेळ उरत नाही. फॉर्म भरताना नोंदणी क्रमांक आणि नाव रजिस्टरमध्ये आहे तसंच, अक्षर न् अक्षर लिहा. कौन्सिलकडे जुना मोबाइल नंबर असेल तर आधी तो बदला. सूचना तिथेच जातात.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. दुकानाचं लायसन्स अन्न व औषध प्रशासनाकडे, तुमची नोंदणी कौन्सिलकडे. लायसन्सची पाच वर्षांची फी भरली म्हणजे नोंदणीही पुढे सरकली, असं होत नाही. नोंदणी तुटली तर लायसन्स चालू असूनही चिठ्ठीवरचं औषध तुमच्या देखरेखीखाली विकता येणार नाही.

'कशाला?' याचं उत्तर मात्र काउंटरवरच आहे. तुम्ही पास झालात तेव्हा शेड्यूल एच-१, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांची यादी, नव्हतं. ते १ मार्च २०१४ पासून लागू झालं. त्यातल्या सेफिक्सिम या अँटिबायोटिकची एक पट्टी दिली तरी वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि संख्या लिहायची, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, हा इशारा लेबलवर छापायला डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं गेलं. तुमच्या पुस्तकात तोही नसणार.

नवं काही नसलं तरी जुनंच विसरतं. पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स साधारण १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमचे असतात, सिरप ५ मिलिलिटरला १२० ते २५०चं. ड्रॉप्सची बाटली देऊन "एक चमचा पाजा" म्हटलं तर ५ मिलिलिटरमधून ५०० मिलिग्रॅम पोटात जातं. दहा किलोच्या बाळाला एका वेळी १५० पुरतं. बाटली नीट, डॉक्टरही बरोबर. चुकतो तो काउंटरवरचा एक शब्द. कोर्समध्ये अशा विषयावर प्रश्न विचारा, नुसती सही करून मागे बसू नका.

प्रश्न : माझी नोंदणी कर्नाटकातली. लग्नानंतर मिरजेत आले, एका हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरी मिळतेय. तीच नोंदणी चालेल का? – एक वाचक, मिरज

उत्तर : रजिस्टर राज्यागणिक वेगळं असतं. दुसऱ्या राज्यात नोंदणी असलेल्यांना इथे नोंदणी मागता येते, पण ती मागावी लागते. आधी कर्नाटक कौन्सिलकडची बाकी चुकती करून ना-हरकत पत्र घ्या, मग महाराष्ट्र कौन्सिलकडे अर्ज करा. आडनाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जोडा आणि सगळ्या कागदांवर एकच नाव ठेवा. रिफ्रेशर कोर्सची मूळ प्रमाणपत्रं सांभाळून ठेवा. इथला नोंदणी क्रमांक हातात येईपर्यंत फार्मसीची जबाबदारी स्वतःच्या नावावर घेऊ नका, हॉस्पिटलने कितीही घाई केली तरी.

प्रश्न : आमच्या मेडिकलमध्ये बारावी झालेला मुलगाच औषधं देतो. फार्मासिस्ट कोण, हे विचारता येतं का? – एक वाचक, तासगाव

उत्तर : जरूर विचारा. दुकानाचं लायसन्स गिऱ्हाइकाला दिसेल असं लावणं बंधनकारक आहे. ते वाचा, जबाबदार फार्मासिस्टचं नाव त्यावर असतं. चिठ्ठीवरचं औषध त्यांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. तेव्हा त्यांना बोलवायला सांगा, नसतील तर थांबा किंवा दुसरीकडे जा. रोजच तसं असेल तर सांगलीतल्या अन्न व औषध प्रशासनाच्या औषध निरीक्षकांकडे लेखी तक्रार द्या. तारीख, वेळ लिहा आणि बिलाची प्रत जोडा. बिल मात्र त्याच वेळी मागून घ्या.