वाचकांचे प्रश्न : पागोळीचे पाणी आणि न्हाणीचे पाणी

प्रश्न : आमचे घर गुहागर तालुक्यात आहे. कौलारू छपराला पन्हळी लावून पावसाचे पाणी आम्ही ५००० लिटरच्या सिमेंटच्या टाकीत साठवतो. न्हाणीचे आणि स्वयंपाकघरातील सांडपाणी एका पिंपात गोळा करून माड, पोफळी, केळी आणि परसातील भाजीला घालतो. मार्चपर्यंत टाकीतील पाणी हिरवट होते, त्यात अळ्या दिसतात आणि पिंपातील पाण्याला दुसऱ्याच दिवशी दुर्गंधी येते. दोन्हींत ब्लीचिंग पावडर घालावी का?
– एक वाचक, तालुका गुहागर

उत्तर : ब्लीचिंग पावडर दोन्हींत घालू नये. पावसाचे पाणी मुळात जवळजवळ निर्मळ असते, त्यात जंतूंना खाद्य फारसे नसते, म्हणून अंधारात आणि बंदिस्त ठेवले तर ते उन्हाळ्यापर्यंत टिकते. न्हाणीच्या पाण्यात साबण, अंगावरचा मळ आणि तेल असते, स्वयंपाकघराच्या पाण्यात त्याहून अधिक खरकटे असते, आणि हे सारे पहिल्या तासापासून कुजू लागते. त्यामुळे पावसाचे पाणी साठवावे आणि सांडपाणी कधीही साठवू नये.

टाकी हिरवी होते ती ऊन आणि छपरावरची घाण यांच्यामुळे. आठ महिन्यांची धूळ, पालापाचोळा, पक्ष्यांची विष्ठा आणि कौलांवरचे शेवाळ जूनच्या पहिल्या सरींबरोबर खाली येते. १०० चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर पाणी होते, म्हणून पहिले १०० ते २०० लिटर बाहेर सोडावे असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. कोकणात मात्र याहून सोपा मार्ग आहे आणि तो फार थोडी घरे अनुसरतात, याचे मला वाईट वाटते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तुमच्याएवढी टाकी अशा छपरावरून ६०-६५ मिलिमीटर पावसात, म्हणजे आषाढातील एखाद्या दिवसात, भरते. मग घाई कशासाठी? जून-जुलैचे पाणी छपर धुऊन वाहून जाऊ द्यावे, पन्हळी साफ कराव्यात आणि ऑगस्टच्या मध्यापासून टाकी भरावी. पाणी स्वच्छ मिळते आणि दोन महिने कमी साठवावे लागते.

टाकी भरण्यापूर्वी ती रिकामी करून आतल्या भिंती ब्रशने खरवडून घासणे अत्यावश्यक आहे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी भिंतीला चिकटून कोरडी असतानाही कित्येक महिने जिवंत राहतात, आणि पाणी लागताच साधारण ७ ते १० दिवसांत त्यांतून डास तयार होतात. झाकणाच्या फटी बुजवाव्यात. पाणी येण्याच्या आणि ओसंडण्याच्या दोन्ही तोंडांना मच्छरदाणीची जाळी घट्ट बांधावी, म्हणजे उंदीरही आत जाणार नाहीत. सिंधुदुर्गात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) साथ अनेकदा येऊन गेली आहे आणि तो आजार उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होतो, हे विसरून चालणार नाही. टाकी तपासताना झाकण उघडून क्षणभर शांत उभे राहावे, कारण डोके खाली करून पृष्ठभागाला लोंबकळणाऱ्या अळ्या सावली पडताच वळवळत तळाशी जातात आणि टाकी स्वच्छ असल्याचा भास होतो. अळ्या आढळल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात गप्पी माशांची चौकशी करावी. ते मासे टाकीतच ठेवावेत, वहाळात किंवा तळ्यात सोडू नयेत. रॉकेल ओतू नये. नळाची तोटी तळापासून १०-१५ सेंटिमीटर वर असावी, म्हणजे गाळ झाडांपर्यंत येत नाही. ब्लीचिंग पावडरीतील क्लोरीन गाळातच खर्ची पडतो आणि मासे मारतो. मूळ कारण तसेच राहते.

आता पिंपाविषयी. दिवसभरात त्या पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मग कुजक्या अंड्यासारखा वास येऊ लागतो. तेव्हा पिंप काढून टाकावे आणि पाणी रोजच्या रोज जमिनीत मुरेल अशी व्यवस्था करावी. आपल्याकडे न्हाणीमागे आळू आणि केळी लावण्याची रीत होती, ती अगदी योग्य होती. न्हाणीचे पाणी खडी, जाड वाळू आणि वर नारळाची सोडणे (तंतुमय साले) भरलेल्या छोट्या खड्ड्यातून गाळून कर्दळीच्या किंवा आळवाच्या वाफ्यात आणि तिथून माडाच्या आळ्यात न्यावे. सोडणे कुजू लागली की बदलावीत. पाच माणसांच्या घरात माणशी ४०-५० लिटर धरले तर रोज २००-२५० लिटर पाणी मिळते, आणि उन्हाळ्यात एका माडाला दिवसाला साधारण ४०-५० लिटर लागते, म्हणजे चार-पाच माडांची सोय होते. आळी आलटून पालटून वापरावीत आणि झावळ्यांनी झाकावीत. पाणी वर तुंबून राहिले तर डास होतातच.

स्वयंपाकघराचे पाणी वेगळे काढून, तेलकट थर अडवणाऱ्या छोट्या टाकीतून न्यावे आणि तो थर दर आठवड्याला काढावा. मासे धुतलेले पाणी लगेच झाडाच्या मुळाशी ओतून वर माती ओढावी. तान्ह्या मुलांचे मळलेले कपडे आणि आजाऱ्याचे कपडे धुतलेले पाणी, तसेच फरशी धुण्याचे ॲसिड, बागेत मुळीच नको. कोथिंबीर, मुळा, पालेभाजी यांना फक्त पावसाच्या टाकीतील पाणी द्यावे. हा सारा वाफा विहिरीपासून किमान १५ मीटर दूर आणि उताराच्या बाजूला असावा, कारण जांभ्याच्या भेगांतून पाणी फार वेगाने झिरपते.

प्रश्न : अलिबाग येथे सदनिकेच्या गच्चीवर कुंड्या आहेत. धुलाई यंत्राचे पाणी त्यांना चालेल का?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : फक्त शेवटच्या खळबळण्याचे पाणी वापरावे आणि एकाआड एक दिवस साधे पाणी द्यावे. कपड्यांच्या पावडरीत सोडियमचे क्षार असतात. जमिनीतून ते पावसाळ्यात वाहून जातात, कुंडीत मात्र साचत राहतात. पानांच्या कडा करपू लागल्या किंवा मातीवर पांढरा थर दिसला, तर साबणाचे पाणी बंद करून कुंडी साध्या पाण्याने तळातून निचरा होईपर्यंत भिजवावी, आणि खालच्या बशीतील पाणी त्याच दिवशी ओतून टाकावे.