मॅक्रोवरची लाल पट्टी: आधी ती सेटिंग परत जागेवर आणा

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि माझंच २०२२ साल डोळ्यांसमोर आलं. तुम्ही लिहिलंय ते असं: नवीन लॅपटॉप. श्रीलिपीतला (जुन्या मराठी फॉन्टमधला) मजकूर युनिकोडमध्ये (आताच्या सर्वमान्य अक्षरपद्धतीत) बदलणारी जुनी मॅक्रोची, म्हणजे वर्डमध्ये आपोआप काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रामची, फाइल स्वतःलाच मेल केलेली. ती वर्डमध्ये उघडली की वर लाल पट्टी, आणि 'एनेबल कंटेंट'चं बटण गायब. कुणीतरी सांगितलं म्हणून 'एनेबल ऑल मॅक्रोज' केलं, तरी तेच. त्यात पतसंस्थेचा अहवाल छपाईला द्यायचाय, आणि सप्टेंबर संपायच्या आत सभा. तुमच्या पतसंस्थेच्या जागी माझ्याकडं एक कार्यालय होतं, बाकी सगळं हेच.

आधी सांगून ठेवतो, मी कॉम्प्युटरचा इंजिनिअर नाही. सोलापुरात नवी पेठेच्या अंगाला डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, कोर्टाची टायपिंग, सोसायट्यांच्या नोटिसा, अहवाल. जे लिहितोय ते हात भाजून कळलेलं आहे. तुमच्या मशीनवर मेनू थोडे इकडंतिकडं असू शकतात.

तर पहिलं काम. फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज, मॅक्रो सेटिंग्ज. तिथं 'एनेबल ऑल' काढा आणि 'डिसेबल विथ नोटिफिकेशन'वर परत या. त्याच पानावर खाली 'ट्रस्ट अ‍ॅक्सेस टू द व्हीबीए प्रोजेक्ट ऑब्जेक्ट मॉडेल' अशी एक चौकट आहे (व्हीबीए म्हणजे मॅक्रो लिहायची भाषा). तिच्यात टिक असेल तर तीही काढा. हे आत्ता करा, बाकीचं नंतर वाचा.

कारण तुमची अडचण त्या सेटिंगमध्ये नाहीच, ती फाइलमध्ये आहे. मेलमधून किंवा ब्राउझरमधून फाइल उतरवली की विंडोज तिला 'ही बाहेरून आली' अशी खूण लावून ठेवतं. 'मार्क ऑफ द वेब' म्हणतात तिला. फाइलला चिकटलेली एक लपलेली चिठ्ठीच समजा. पूर्वी अशी फाइल उघडली की पिवळी पट्टी यायची, बटण दाबलं की काम सुरू. फेब्रुवारी २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं की आता खूण असलेल्या फाइलचे मॅक्रो थेट अडवणार, बटणच देणार नाही. लाल पट्टी म्हणजे हे. पिवळी पट्टी आणि 'एनेबल एडिटिंग' हा प्रकार वेगळा, तो प्रोटेक्टेड व्ह्यू, म्हणजे फाइल फक्त वाचायला उघडणं. दोन्हीची गल्लत करून लोक तासन्‌तास घालवतात.

उपाय दोन मिनिटांचा आहे. वर्ड बंद करा. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, जनरल टॅबच्या अगदी तळाशी 'अनब्लॉक'. टिक करा, ओके. झिपमध्ये असेल तर झिप सोडवायच्या आधी झिपलाच अनब्लॉक करा, नाहीतर विंडोज आतल्या प्रत्येक फाइलला खूण वाटत बसतं. आणि हे फक्त तुमच्या स्वतःच्या, तुम्हाला माहीत असलेल्या फाइलला करायचं. कुणाचीही आलेली फाइल अनब्लॉक करायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

झालं, तुमचं उत्तर इथंच संपलं. पण ज्यानं तुम्हाला 'एनेबल ऑल' करायला सांगितलं, तसाच एक माणूस मला भेटला होता, आणि ते मला चांगलंच महाग पडलं. ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एका कार्यालयाचं टायपिंगचं काम माझ्याकडं असायचं. नाव घेत नाही. त्यांनी मॅक्रो असलेला एक नमुना दिला होता, त्यातच माहिती भरायची, आणि सोबत सूचनांचा एक कागद. खिडकीच्या काचेवरही सेलोटेपनं तोच कागद चिकटवलेला. त्यातली तिसरी सूचना: 'सर्व मॅक्रो सुरू ठेवावेत.' जूनमध्ये माझ्याकडं लाल पट्टी यायला लागली. त्यांचा नमुनाही उघडेना आणि माझा श्रीलिपीचा मॅक्रोही चालेना. मी फोन केला. त्यांच्या संगणक विभागातला गडी रिमोटवर आला, भराभर दोन टिका केल्या, एक वर 'एनेबल ऑल'ला, एक खालच्या त्या चौकटीला. पट्टी हलली नाही. म्हणाला, "होतंय की वो, रीस्टार्ट करा, अपडेट होऊ द्या."

आणि गंमत बघा, जुलैच्या सुरुवातीला खरंच झालं! पट्टी गेली, सगळं चालायला लागलं. मी त्याला फोन करून आभार मानले. प्रत्यक्षात काय झालं होतं, तर लोकांच्या ओरड्यामुळं मायक्रोसॉफ्टनंच तो बदल तात्पुरता मागं घेतला होता. महिनाअखेरीस त्यांनी तो पुन्हा लागू केला आणि माझी लाल पट्टी परत आली. तेव्हा हे मला माहीत नव्हतं. मला वाटत राहिलं, त्या दोन टिकांनी काम केलं होतं, मध्येच काहीतरी बिघडलं.

मग ऑगस्टमध्ये एका मित्रानं सांगितलं, मॅक्रोचा कोड उचल आणि नॉर्मल टेम्प्लेटमध्ये, म्हणजे वर्ड दर वेळी आपोआप वापरतं त्या मूळ नमुना फाइलमध्ये, चिकटव. चिकटवला. चालला, कारण वर्ड आपल्या टेम्प्लेटच्या फोल्डरवर मुळातच विश्वास ठेवतं. पण मी श्रेय पुन्हा त्या टिकांनाच दिलं आणि त्या तशाच उघड्या ठेवल्या. इथं माझी चूक झाली. एक दुरुस्ती लागू पडली नाही, तर दुसरी करायच्या आधी पहिली मागं घ्यायची असते. मी एकावर एक चढवत गेलो.

डिसेंबरमध्ये अशोक चौकाकडून एक गिऱ्हाईक आलं, टॉवेलच्या कारखान्याची लेबलं करायची होती. पेनड्राइव्हवर जुन्या 'डॉक' प्रकारातली फाइल. उघडली. ना लाल पट्टी, ना पिवळी. लाल का नाही? कारण डिस्कवर फाइली ठेवायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात; बहुतेक पेनड्राइव्ह फॅट-३२ किंवा एक्सफॅटवर असतात, आणि विंडोजची ती चिकटवलेली चिठ्ठी फक्त एनटीएफएसवर टिकते. अशा पेनड्राइव्हवरून आलेल्या फाइलला खूणच नसते. पिवळी का नाही? कारण 'सगळे चालू' ही टिक. म्हणजे ज्या सेटिंगनं माझी अडचण कधी सुटलीच नव्हती, तिनं दार मात्र सताड उघडं ठेवलं होतं. वर ती खालची टिक, म्हणजे एका मॅक्रोला दुसऱ्या मॅक्रोत लिहायची परवानगी.

त्यानंतर दोन-तीन दिवस वर्ड बंद करताना एक प्रश्न यायला लागला: नॉर्मल टेम्प्लेटमध्ये बदल झालेत, जतन करू का? मी न वाचता हो. पुन्हा हो. आता तो प्रश्न आला की पोटात गोळा येतो. (ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड, सेव्ह या भागात 'प्रॉम्प्ट बिफोर सेव्हिंग नॉर्मल टेम्प्लेट' आहे, ते चालू ठेवा. आणि प्रश्न आला तर माझ्यासारखं करू नका.) आठवडाभरात एका वकीलसाहेबांचा फोन आला, तुमची फाइल मेलमध्येच अडकतेय, व्हायरस दाखवतंय. मग दुसऱ्यांचा. दुकानातून गेलेल्या प्रत्येक जुन्या डॉक फाइलसोबत तो मॅक्रो बाहेर जात होता.

सगळ्यात कडू घास पुढं. त्याच कार्यालयानं माझी कामं 'विषाणूग्रस्त' म्हणून परत केली आणि ११,४०० रुपयांचं बिल अडकवलं. मी गेलो, काचेवरची तिसरी सूचना बोटानं दाखवली. साहेब म्हणाले, ती जनरल सूचना आहे. रिमोटवर आलेल्या गड्याची बदली झालेली. चार महिने खेटे घातले, तेव्हा कुठं बिल निघालं. शेवटच्या फेरीलाही कागद काचेवर तसाच होता, सेलोटेप फक्त पिवळा पडलेला.

बिलाचं एवढं वाटलं नाही, खरा घाव वेगळाच होता. ज्याला मशीन दाखवलं त्यानं नॉर्मल टेम्प्लेट उडवलं. त्याचं चूक नव्हतं, वर्ड नवीन बनवून घेतं. पण माझा मॅक्रो त्यातच होता ना! ऑगस्ट ते डिसेंबर, पाच महिने अक्षर अक्षर पकडून केलेल्या दुरुस्त्या गेल्या. मेलमध्ये होती ती जुनी फाइल. जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरलेली, लोक पोराबाळांना घेऊन होम मैदानाकडं चाललेले, आणि मी शटर अर्धं ओढून पहिल्या वेलांट्या मोजत बसलेलो.

हे करणाऱ्यांनाच कळेल. श्रीलिपीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी असते, युनिकोडमध्ये नंतर. 'स्थिती'मध्ये तिला अख्खं जोडाक्षर ओलांडून न्यावं लागतं. रफाराचं उलटं, तो आधी न्यायचा. नुसतं शोधा-आणि-बदला करून हे होत नाही. त्यात व्हीबीएच्या खिडकीत देवनागरी लिहिलं की प्रश्नचिन्हं उमटतात, म्हणून प्रत्येक अक्षराचा आकडा द्यावा लागतो: सीएचआरडब्ल्यू, कंसात २३२५ म्हणजे क, २३५२ म्हणजे र, २३६७ म्हणजे पहिली वेलांटी. असल्या ओळी शेकड्यानं. पुन्हा लिहायला कंटाळा नाही, संताप येतो.

म्हणून आता माझी पद्धत. मॅक्रो नॉर्मलमध्ये ठेवत नाही. वेगळी डॉटएम (मॅक्रो ठेवता येणारी टेम्प्लेट) फाइल करून वर्डच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवतो. ते फोल्डर कुठं आहे ते ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड, फाइल लोकेशन्समध्ये दिसतं. वर्ड उघडलं की मॅक्रो आपोआप हजर, आणि नॉर्मल उडालं तरी तो शाबूत. दर दुरुस्तीनंतर व्हीबीएमधून मॉड्यूल एक्स्पोर्ट करून बीएएस फाइल बाजूला ठेवतो, नावात तारीख घालून.

काही जण 'ट्रस्टेड लोकेशन्स'मध्ये, म्हणजे वर्ड ज्यांवर विश्वास ठेवतं त्या फोल्डरांच्या यादीत, एखादं फोल्डर घाला म्हणून सांगतील. वाईट सल्ला नाही, पण त्या कामापुरतं एक रिकामं फोल्डर करा. डाउनलोड्स, डेस्कटॉप किंवा अख्खा डी ड्राइव्ह घालणारे महाभाग मी पाहिलेत. त्यापेक्षा काचेवरचा तो कागद बरा. फोल्डर नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनवर असेल तर वेगळी टिक लागते. माझ्या मते ती करूच नये, फाइल आपल्या मशीनवर आणावी.

आणि ट्रस्ट सेंटरमधले पर्याय राखाडी दिसत असतील, दाबता येत नसतील, तर लॅपटॉप संस्थेच्या धोरणाखाली आहे. तिथं जुगाड करू नका, ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनाच लेखी विचारा. लेखी यासाठी, की उद्या ते म्हणतील ती जनरल सूचना होती.

अनब्लॉक केल्यावर कदाचित दुसरीच चूक येईल, की हा कोड ६४ बिटसाठी सुधारायला हवा. घाबरू नका, तिचा सुरक्षेशी संबंध नाही. जुन्या मशीनवर ३२ बिटचं ऑफिस असणार. कोडच्या अगदी वरच्या भागात 'डिक्लेअर'नं सुरू होणाऱ्या ओळी बघा, त्यात 'पीटीआरसेफ' हा शब्द घालावा लागतो. कधी पुढचे प्रकारही बदलावे लागतात. त्या तीन-चार ओळी इथं टाका, बघून सांगतो. श्रीलिपीतल्या सगळ्या फॉन्टची मांडणी एकसारखी नसते, त्यामुळं तुमच्या अहवालाचा फॉन्ट कोणता तेही लिहा.

छपाईला द्यायच्या आधी तयार मजकुरात 'कजर्दार' हा शब्द एकदा शोधून बघा. रफार अक्षराच्या आधी न्यायचा राहिला की कर्जदाराचा कजर्दार होतो. माझ्याकडून गेलेल्या एका अहवालात तो सतरा ठिकाणी होता, आणि सभेत सभासदांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. 'दऱ्या', 'तऱ्हा', 'ऱ्हास' हेही डोळ्यांनी तपासा, तो अर्धा र माझा मॅक्रो अजूनही कधी कधी चुकवतो.