नोकरीची खात्री नसेल, तर पदवी पूर्ण करण्यात अर्थ आहे का?

वडिलांचे आठ यंत्रमाग आहेत, तुम्ही बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, ओळखीतले पदवीधर तुटपुंज्या पगारावर राबताना दिसतात, म्हणून कॉलेज सोडून थेट कारखान्यात बसावे का आणि शिक्षणाने माणसाच्या आयुष्यात व धंद्यात नेमका काय फरक पडतो, असे तुम्ही विचारले आहे. मी सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत वाढले. आई बिड्या वळत असे, वडील मागावर होते आणि गेली बावीस वर्षे मी एका टॉवेल कारखान्यात हिशेब पाहते आहे, त्यामुळे हा प्रश्न मला अगदी घरातला वाटला.

पदवी मिळाली की नोकरी मिळते, असे मी सांगणार नाही. बी.कॉम. झाल्यावर दीड वर्ष मी घरीच होते आणि पुढे जे काम मिळाले ते चलन लिहिण्याचे होते; शेजारच्या टेबलावरच्या बारावी झालेल्या मुलाला माझ्याइतकाच पगार होता. तरीही शिक्षण वाया गेले असे मला एक दिवसही वाटले नाही, कारण समोर आलेल्या कागदाला न घाबरण्याची सवय मला शिक्षणामुळे लागली होती. ही सवय नसलेल्या माणसाला काय सोसावे लागते, ते मी लहानपणीच पाहिले होते.

आईला लिहिता-वाचता येत नव्हते. बिड्या वळताना ती शंभर बिड्यांमागे एक तेंदूपान बाजूला सरकवून ठेवी आणि दहा पाने झाली की हजार पूर्ण झाले, असे तिचे गणित असे. दुसऱ्या दिवशी कारखान्यात माल मोजला जाई, त्यातली छाट, म्हणजे खराब म्हणून बाद केलेल्या बिड्या, बाजूला काढली जाई आणि तिच्या वहीत आकडा लिहिला जाई. सातवीत असताना मी ती वही पहिल्यांदा नीट वाचली. घरी दहा पाने झालेली असताना वहीत सलग चार दिवस नऊशेच्या आतबाहेरचे आकडे होते. पाचव्या दिवशी मी आईबरोबर गेले आणि मोजणाऱ्याला एवढेच म्हणाले, "काका, छाट काढलेल्या बिड्या दाखवता का?" त्यांनी दाखवल्या, त्या तीसही नव्हत्या, आणि त्या दिवसापासून वहीतला आकडा आणि आईची पाने जुळू लागली. छाटीला कायद्याने मर्यादा असते, हे मला फार पुढे कळले. त्या दिवशी माझ्याजवळ फक्त सातवीपर्यंतचे वाचन आणि वजाबाकी होती.

पुढे आईच्या निवृत्तिवेतनाची वेळ आली, तेव्हा कारखान्याच्या नोंदीत तिचे नाव एक आणि आधार कार्डावर दुसरे निघाले. आमच्याकडच्या तेलुगू आडनावांचे असे बरेचदा होते. ऐकणारा जसे ऐकतो तसे लिहितो. संयुक्त घोषणापत्र, त्यावर मालकाची सही, जुन्या वह्या आणि रेशन कार्ड असे सगळे गोळा करून मी अर्ज लिहिला. वेळ लागला, पण पैसे सुरू झाले. आमच्या गल्लीतल्या किती तरी बायका त्यानंतर आपापले कागद घेऊन माझ्याकडे आल्या. एका घरात एकजण शिकला की गल्लीच्या उपयोगी पडतो, हे मी त्या वर्षी प्रत्यक्ष अनुभवले.

आता धंद्याचे सांगते. आमच्याकडे एकदा दहा हजार टॉवेलची ऑर्डर होती, माप ७५ बाय १५० सेंटिमीटर, वजन ४०० जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरला ४०० ग्रॅम. त्या मापाचे क्षेत्रफळ १.१२५ चौरस मीटर होते, तेव्हा एक टॉवेल ४५० ग्रॅम भरायला हवा होता. पहिला लॉट ४८० ग्रॅम भरत होता. आमच्या मास्टरांनी, म्हणजे विणकामावर देखरेख करणाऱ्या जाणकारांनी, टॉवेल हातात घेताच "भारी झालाय" असे म्हटले होते, परंतु भारी झाल्याने नुकसान किती, याचा हिशेब कोणी केलेला नव्हता. दर नगावर ठरलेला असल्याने प्रत्येक टॉवेलमागे ३० ग्रॅम सूत आम्ही फुकट देत होतो, म्हणजे पूर्ण ऑर्डरमागे ३०० किलो. पाइलची, म्हणजे टॉवेलवरच्या सुताच्या फाशांची, उंची कमी केली आणि वजन बसले. यात मास्टरांचा वाटा माझ्याहून मोठा होता, कारण हाताला कळलेले त्यांनी आधी सांगितले. पण ते कागदावर मांडता आले, म्हणून मालकांनी त्याच दिवशी माग थांबवले. तुम्ही कारखान्यात बसलात तर तुम्हाला मास्टरांचा हातही शिकावा लागेल आणि हा हिशेबही.

नुसत्या हातावर विसंबण्यातही धोका आहे. माझे आजोबा सोलापूरच्या, १८७७ मध्ये सुरू झालेल्या 'जुनी गिरणी' या कापड गिरणीत होते. त्यांना तिथल्या एका खात्यातले काम उत्तम येत असे, पण गिरणी बंद पडली तेव्हा ते काम दुसरीकडे कुठेच नव्हते आणि नवे काही शिकायचे वय निघून गेले होते. आज साध्या मागांच्या जागी रॅपियर, म्हणजे धोट्याशिवाय चालणारे वेगवान माग, येत आहेत. त्यांची माहितीपुस्तिका ज्याला वाचता येते, त्याला मेकॅनिकची वाट पाहत बसावे लागत नाही.

म्हणून माझे मत असे आहे की कॉलेज सोडू नका आणि कारखान्यात जाणेही पुढे ढकलू नका. कॉलेजची वेळ जमतच नसेल, तर १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ काम करणाऱ्यांसाठीच आहे. तिथून पदवी पूर्ण करता येते. जे विषय वर्गात कंटाळवाणे वाटतात, ते मागाच्या हिशेबाला लावून पाहिलेत तर तेच विषय वेगळे वाटतील.

सुरुवात वडिलांच्या थकीत बिलांपासून करा. आपल्याकडे व्यापारी महिनोन्महिने पैसे अडकवतात आणि मागवाले मुकाट्याने थांबतात. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार केला तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही आणि उशिरावर व्याज लागते. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, मुदतीत न दिलेली अशी रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. यासाठी वडिलांची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, असायला हवी. ती आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि तिला एक रुपयाही लागत नाही, तेव्हा कोणा एजंटला पैसे देऊ नका. नोंदणी झाली की तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापून घ्या आणि बिलाची तारीख व माल पोहोचल्याची तारीख वेगवेगळ्या रकान्यांत लिहीत जा, कारण मुदत माल स्वीकारल्यापासून मोजली जाते.