वाचकांचे प्रश्न : जाड खोड, बारीक फांदी आणि सरड्याचे पाय

प्रश्न : त्र्यंबक-हरसूलच्या झाडीतले सरडे आणि सिन्नर-येवल्याच्या माळावरचे सरडे अंगाने वेगळे का दिसतात? शाळेच्या निसर्गमंडळात मुलांकडून याच्या नोंदी करून घ्यायच्या आहेत. त्यासाठी सरडे पकडून मोजावेत का?
– एक शिक्षिका, नाशिक रोड

उत्तर : पकडू नका. पाल आणि सापसुरळी घाबरली की शेपटी टाकते. सरड्याची तुटली तर ती नीट पुन्हा येतही नाही. घोरपड तर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

आता फरकाबद्दल. सरडा कशावरून चालतो, यावर त्याच्या पायांची लांबी बरीच ठरते. सपाट जमीन किंवा रुंद खोड असेल तर लांब मागच्या पायांनी मोठी ढांग पडते आणि वेग मिळतो. तेच पाय बोटाएवढ्या फांदीवर अडचणीचे ठरतात. पाऊल टेकायला जागा नसते, तोल जातो. तिथे आखूड पायांचा, सावकाश चालणारा प्राणी टिकतो. शॅमेलियन पाहा : दोन्ही बाजूंनी चपटे अंग, चिमट्यासारखी पावले, फांदीला विळखा घालणारी शेपटी. उलट गळ्याखाली पंखा उघडणारा माळावरचा सरडा लांब पायांवर सुसाट पळतो आणि त्याच्या मागच्या पायाला चारच बोटे असतात. पाचोळ्यातून सरकणाऱ्या सापसुरळीचे अंग लांब व गुळगुळीत, पाय आखूड.

मात्र या जातींची घराणीच वेगळी आहेत, त्यामुळे सगळा फरक जंगलाच्या खाती टाकता येत नाही. खरा पुरावा कॅरिबियन बेटांवरच्या अ‍ॅनोल सरड्यांचा आहे. क्यूबा, हिस्पॅनिओला, जमैका आणि प्वेर्तो रिको या 4 बेटांवर, एकाच कुळात, खोडाच्या बुंध्याशी राहणारे लांब पायांचे आणि डहाळीवरचे आखूड पायांचे सरडे बहुतांशी स्वतंत्रपणे घडले. शेंड्याकडे राहणाऱ्यांच्या बोटांखालच्या गाद्या मोठ्या असतात. 2017 च्या चक्रीवादळांनंतर टर्क्स आणि कैकोस बेटांवर वाचलेल्या सरड्यांच्या गाद्या सरासरीने मोठ्या आणि मागच्या मांड्या आखूड निघाल्या. जोराच्या वाऱ्यात लांब मांड्या शिडासारख्या वारा धरतात आणि सरडा खोडावरून सुटतो.

मुलांनी फोटोवरून मोजावे. सरडा 2-3 मीटरवर असताना कॅमेरा त्याच्या पाठीला काटकोनात धरा. तिरका धरला तर पाय आखूड दिसतात, आणि बहुतेक नोंदी इथेच फसतात. नाकापासून मागच्या पायांच्या सांध्यापर्यंतचे अंतर आणि मागच्या पायाची लांबी एकाच फोटोवर मोजून पायाच्या लांबीला त्या अंतराने भागा. पाय दुमडलेला असेल तर मांडी, नळी आणि पाऊल वेगवेगळे मोजून बेरीज करा. शेपटी मोजमापात धरू नका, ती तुटकी असू शकते. सरडा गेल्यावर फांदीचा घेर टेपने मोजा. घेर भागिले 3.14 म्हणजे व्यास.

सरडा पहिल्यांदा दिसला ती जागा लिहा. चाहूल लागली की तो खोडाच्या पलीकडे सरकतो आणि वर चढतो, ती त्याची रोजची बैठक नव्हे. रात्री बरेच सरडे बारीक डहाळीच्या टोकाला झोपतात, म्हणून दिवसाच्या आणि रात्रीच्या नोंदी एकत्र करू नका. पिल्लांची अंगठेवण मोठ्यांपेक्षा वेगळी असते, त्यांचा तक्ता निराळा ठेवा. एका जातीच्या प्रत्येक ठिकाणी निदान 20 नोंदी होईपर्यंत तुलना करू नका. सुरुवात बागेतल्या नेहमीच्या सरड्यापासून करा : तो गंगापूर रोडच्या कुंपणावरही सापडतो आणि झाडीतही.