हलत्या मेनूचा झटका आणि थरथरणारी अक्षरं

तुमची अडचण मला समजली ती अशी: आजोबांच्या पंच्याहत्तरीसाठी घरातली जुनी रेकॉर्डिंग्ज (लग्न, जोतिबाची चैत्र यात्रा, कोल्हापूरच्या रंकाळा तलावावरची संध्याकाळ) एका डीव्हीडीवर घ्यायची आहेत. मेनूमागं (डिस्क लावल्यावर निवडीची बटणं दिसतात त्या पडद्यामागं) यात्रेतल्या गुलालाचं दृश्य लावलंय. कॉम्प्युटरवर सगळं नीट दिसतं, पण आजोबांच्या प्लेअरवर मेनू परत सुरू होताना झटका बसतो, अक्षरं थरथरतात आणि गुलालाचे चौकोन चौकोन होतात.

आधी झटका. मेनूचा व्हिडिओ संपला की प्लेअरला डिस्कवर मागं जाऊन सुरुवात शोधावी लागते. तेवढा वेळ शेवटची फ्रेम पडद्यावर अडकून राहते. कॉम्प्युटर हार्डडिस्कवरून वाचतो, म्हणून तिथं हे कळत नाही. सॉफ्टवेअर कितीही बदला, हा थांबा जात नाही. त्यामुळं दृश्यच असं निवडायचं, की थांबा येईल त्या क्षणी चित्र मुळातच स्थिर असेल.

तुमच्याकडं यात्रेचं रेकॉर्डिंग आहे ना? त्यात सासनकाठीचा (यात्रेत नाचवतात त्या उंच काठीचा) शेंडा आभाळात डोलतोय असा एखादा तुकडा नक्की सापडेल. काठी एका बाजूला पूर्ण झुकते, क्षणभर थांबते आणि परत फिरते. त्या थांबलेल्या क्षणी तुकडा सुरू करा, दुसऱ्या टोकाला थांबते तिथं कापा. मग त्याचीच कॉपी उलटी करून पुढं जोडा. आता मेनूची पहिली आणि शेवटची फ्रेम एकच झाली आणि दोन्ही वेळा काठी थांबलेली आहे. प्लेअर अर्धा सेकंद अडखळला तरी बघणाऱ्याला काठी टोकाला रेंगाळली असंच वाटतं. शिवाय मागं मोकळं आभाळ असल्यानं बटणांना आयती जागा मिळते. फक्त फ्रेममध्ये माणसं किंवा गुलाल येऊ देऊ नका. उलट्या चालीत माणसं मागं चालतात आणि गुलाल खालून वर जातो.

रंकाळ्याचं पाणी घ्यायचं असेल तर ही युक्ती चालत नाही, तिथं डिझॉल्व्ह लागतो, म्हणजे एक चित्र हळूहळू दुसऱ्यात विरघळवायचं. समजा स्टँडवर ठेवून घेतलेला ४२ सेकंदांचा शॉट आहे. त्याचे पहिले २ सेकंद कापून वेगळे ठेवा. उरलेला ४० सेकंदांचा भाग खालच्या ट्रॅकवर टाका. कापलेले २ सेकंद वरच्या ट्रॅकवर, अगदी शेवटच्या २ सेकंदांवर ठेवा आणि त्यांची अपारदर्शकता शून्यापासून शंभरपर्यंत चढवत न्या. शेवट बरोबर सुरुवातीला येऊन मिळतो. लाटांत थोडा थांबा दिसेल, पण ४० सेकंदांनी एकदा, तेवढ्यात आजोबांनी बटण दाबलेलं असेल. कॅमेरा हातात धरून घेतलेला शॉट यासाठी घेऊ नका, किनारा उडी मारतो. मेनूला संगीत असेल तर शेवटच्या सेकंदात ते पूर्ण उतरवा. चित्राचा थांबा डोळा एकवेळ सोडून देतो, तुटलेला सूर कान सोडत नाही.

अक्षरं थरथरण्याचं कारण आपल्या शिरोरेषेत आहे. पाल (PAL, भारतातली टीव्हीची पद्धत) डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ चं, सेकंदाला २५ फ्रेम. ट्यूबच्या टीव्हीवर ते आळीपाळीनं एकाआड एक ओळींत रंगवलं जातं. एकाच ओळीची बारीक आडवी रेघ त्यामुळं सतत लुकलुकते, आणि देवनागरीत प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर आडवी रेघ आहे. शिरोरेषा किमान ३-४ पिक्सेल जाड येईल असा ठसठशीत फॉन्ट घ्या. 'मुक्त' (Mukta) किंवा 'बालू' (Baloo) हे फॉन्ट चांगले दिसतात आणि दोन्ही फुकट मिळतात. जुन्या डीव्हीडी सॉफ्टवेअरमध्ये थेट मराठी टाइप केलं तर जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या सरकतात. म्हणून सगळा मजकूर इंकस्केप किंवा गिंप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये करून त्याचं पीएनजी चित्र व्हिडिओवरच बसवा. चारी बाजूंनी साधारण १० टक्के जागा मोकळी सोडा, जुने टीव्ही कडा खातात.

मग डीव्हीडीकडं फक्त निवडीची खूण उरते. ती खूण जिथं असते त्या सबपिक्चर नावाच्या वरच्या थराला पारदर्शक धरून चारच रंग मिळतात. मऊ सावली, गुळगुळीत गोलाई त्यात जमत नाही, कडा खडबडीतच येतात. नावाखाली जाड सरळ पट्टी किंवा बाजूला चौकोनी ठिपका द्या, फार सुबक दिसतं.

गुलालाचं दृश्य मात्र मेनूतून काढाच, असं माझं स्पष्ट मत आहे. डीव्हीडीवरचा व्हिडिओ ज्या एमपेग-२ पद्धतीनं दाबून ठेवतात, ती चित्र लहान चौकोनांत तोडून साठवते. हवेत उडणारे हजारो कण प्रत्येक फ्रेमला बदलत असले की बिटरेट (सेकंदाला मिळणारा डेटा) पुरत नाही आणि चौकोन उघडे पडतात. त्यात डीव्हीडीवर रंगाचा तपशील उजेडाच्या तपशिलापेक्षा कमी साठवला जातो, म्हणून भडक गुलाबी-लाल रंगाच्या कडा फिसकटतात. तो जल्लोष मुख्य फिल्ममध्ये पूर्ण लांबीनं बघू दे त्यांना. मेनूत हालचाल एकाच गोष्टीची आणि संथ हवी, नाहीतर वयस्कर डोळ्यांना बटणं सापडत नाहीत.

बिटरेटला कंजुषी नको. सेकंदाला ६ मेगाबिटनं ४० सेकंदांचा व्हिडिओ जेमतेम ३० एमबी होतो, ४.७ जीबीच्या डिस्कवर त्याचं ओझं नाही. पण ७-८ च्या वर जाऊ नका, घरी लिहिलेली डिस्क वाचताना जुने प्लेअर तिथं दम टाकतात. एफएफएमपेग या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'पाल-डीव्हीडी' (pal-dvd) हे टार्गेट दिलं की फ्रेमचा आकार, वेग आणि आवाजाचं ४८ किलोहर्ट्झ आपोआप बसतं. चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण ४:३ की १६:९ ते मात्र तुम्हीच सांगा. लग्नाची कॅसेट ४:३ चीच असणार, मेनूही ४:३ ठेवा. पुढचं मेनू जोडून डिस्क बनवायचं काम डीव्हीडीस्टायलर या सॉफ्टवेअरमध्ये होतं.

चाचणीसाठी एक डीव्हीडी-आरडब्ल्यू (पुसून परत लिहिता येणारी डिस्क) आणा आणि ती आजोबांच्याच प्लेअरवर, त्यांच्याच टीव्हीवर लावा. रिमोट त्यांच्या हातात द्या आणि ते नेहमी बसतात तिथून नावं वाचता येतात का विचारा. नाही म्हणाले तर अक्षरं मोठी करा, एका मेनूवर चारच नावं ठेवा आणि बाकीची दुसऱ्या पानावर घ्या. सगळं पसंत पडलं की मग चांगल्या डीव्हीडी-आरवर (एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवर), कमी वेगानं, दोन प्रती काढा.