डाळमिलचं २५ वर्षं जुनं फॉक्सप्रो सॉफ्टवेअर बदलायचंय, सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उदगीरला घरची डाळमिल, सोबत अडत (शेतकऱ्यांचा माल कमिशनवर विकून देणं). पट्टी (विकलेल्या मालाचा हिशोब), खतावणी, बारदाना (पोती), साठा, सगळं १९९९ साली फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीत लिहून घेतलेल्या प्रोग्रामवर. प्रोग्राम लिहिणाऱ्याचा आता पत्ता नाही. विंडोज एक्सपीचा एकच संगणक तो चालवतो. जीएसटीची बिलं एक्सेलमध्ये वेगळी होतात, आणि घरातले मोठे म्हणतात, "चालतंय की, हात कशाला लावायचा?"

मोठ्यांचं म्हणणं उडवून लावू नका. तुमच्या पेढीचे हिशोबाचे नियम त्या प्रोग्राममध्ये बसलेत आणि दुसरीकडं कुठंच लिहिलेले नाहीत. असं काम फसतं ते बहुतेक वेळा इथंच. म्हणून माझा सल्ला: आधी नियम कागदावर आणा, मग सॉफ्टवेअर बघायला निघा.

त्याच्याही आधी, आज संध्याकाळी, एक काम करा. प्रोग्राम बंद करा आणि त्याचा अख्खा फोल्डर दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवा. फक्त डीबीएफ, म्हणजे नोंदींच्या, फायली घेऊन भागत नाही. एफपीटी फायलींत लांब शेरे असतात, सीडीएक्स किंवा आयडीएक्समध्ये अनुक्रमणिका, आणि पीआरजी सापडल्या तर तुमचं नशीब, कारण मूळ प्रोग्राम त्यांत लिहिलेला असतो. एक डिस्क मिलमध्ये राहू द्या, एक घरी. एक्सपीला मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ पासून आधार देणं थांबवलंय. डॉसचा १६ बिटी प्रोग्राम ६४ बिटी विंडोजवर थेट चालत नाही. म्हणजे तो संगणक बसला तर दुकानातून नवा आणून काम सुरू होणार नाही. ही कॉपी नव्या संगणकावर डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा संगणक उभा करणारं सॉफ्टवेअर) एक्सपी टाकून चालवून बघा. चालली की घाई संपली, पुढचं निवांत करता येतं.

आता नियम. मुनीमजींना "नियम सांगा" म्हटलं तर सांगता येणार नाहीत, ते त्यांच्या हातात आहेत. गेल्या हंगामातल्या ३० पट्ट्या काढा: रोखीची, उधारीची, बारदाना परत आलेली, माल परत गेलेली, आगाऊ उचल कापलेली, अशा वेगवेगळ्या. प्रत्येक पट्टी कॅल्क्युलेटरवर हातानं करा. जिथं तुमचा आकडा प्रोग्रामच्या आकड्याशी जुळत नाही, तिथं एक नियम दडलेला आहे.

उदाहरण घ्या. ४२ पोती तूर, काट्यावर २,१३६ किलो, बारदान पोत्यामागं ५८० ग्रॅम, भाव क्विंटलला ७,२५० रुपये. बारदानाची घट २४.३६ किलो. जुना प्रोग्राम ती वरच्या पूर्ण किलोला नेत असेल तर २५ किलो वजा होऊन २१.११ क्विंटलचे १,५३,०४७.५० रुपये होतात. नवं सॉफ्टवेअर नेमकी घट धरेल आणि १,५३,०९३.९० दाखवेल. फरक ४६ रुपये ४० पैसे. दिवसाला ६० पट्ट्या झाल्या तर २,७८४ रुपये. यातलं बरोबर कुठलं, हे प्रोग्रामरनं ठरवायचं नाही. तुम्ही आणि मोठ्यांनी बसून ठरवायचं आणि लिहून सही करायची. शेतकऱ्याच्या पदरातून अर्धा किलो जात असेल तर तो नियम तसाच पुढं न्यायचा का, हेही त्याच बैठकीत बोला. वटाव (लवकर पैसे दिल्याची सूट) किती दिवसांपर्यंत, व्याज ३६० दिवसांवर की ३६५ वर, हमाली-तोलाई पोत्यावर की क्विंटलवर, पैसे प्रत्येक ओळीवर पूर्णांकात करायचे की शेवटच्या बेरजेवर: हे सगळं दोन-तीन पानांत मावतं. ती पानं हातात नसतील तर कुठल्याही विक्रेत्याचा डेमो बघू नका.

सॉफ्टवेअर कुठलं? हिशोब आणि जीएसटी तयार, रुळलेल्या सॉफ्टवेअरवर ठेवा, टॅलीप्राइमसारख्या. कायदा बदलला की अपडेट येतं, आणि ते चालवणारा माणूस उदगीरात सहज मिळतो. पट्टी, काटा आणि बारदाना यांसाठी मात्र छोटा स्वतंत्र प्रोग्राम करून घ्या. तो दिवसअखेर टॅलीत एक्सएमएल फाइलनं व्हाउचर, म्हणजे हिशोबाच्या नोंदी, टाकेल. सगळं एकाच मोठ्या ईआरपीत (धंद्याची सगळी कामं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) घालायचा मोह तुमच्या आकाराच्या पेढीनं टाळावा असं माझं स्पष्ट मत आहे. मुनीमजींना पट्टीसाठी सात खिडक्या उघडाव्या लागल्या तर तिसऱ्या दिवशी ते कागदावर जातील, आणि त्यात त्यांची चूक नसेल. करारात दोन गोष्टी हव्यातच: डेटा कधीही एक्सेलमध्ये काढता आला पाहिजे, आणि पट्टीच्या प्रोग्रामचा सोर्स कोड तुमच्याकडं राहिला पाहिजे. शेवटचा हप्ता पहिलं महिनाअखेर जुळल्यावरच द्या.

पेढी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं, आणि ती नोंद बंद न करता येणारं सॉफ्टवेअर लागतं. ५ कोटींच्या वर उलाढाल असेल तर व्यापाऱ्यांना दिलेल्या करपात्र बिलांवर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) आहे. डाळमिलवाल्यांची चूक होते ती मालाच्या यादीत: १८ जुलै २०२२ पासून लेबल लावून पॅक केलेली डाळ २५ किलोपर्यंत ५ टक्क्यांत येते, ३० किलोचा कट्टा करमुक्त राहतो. "तूरडाळ" असा एकच माल ठेवला तर बिलं चुकतील. पॅकिंगनुसार वेगळे कोड करा. बीदर बाजूचे व्यापारी ग्राहक असतील तर त्यांचा जीएसटी क्रमांक २९ नं सुरू होतो, तिथं आयजीएसटी, म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या विक्रीचा जीएसटी, लागतो. राज्याचा रकाना नीट भरा.

डेटा नेताना सगळा इतिहास नेऊ नका. पार्ट्या, माल, सुरुवातीच्या बाक्या, बिलवार येणं-देणं आणि साठा एवढंच न्या. डीबीएफ फाइल लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडते. दोन खड्डे मात्र खोल आहेत. पहिला: फॉक्सप्रोमध्ये खोडलेली नोंद 'पॅक' ही आज्ञा देऊन फाइल साफ करेपर्यंत फायलीतून जात नाही, तिच्यावर फक्त खूण पडते. डेटा उपसणारी काही साधनं ही खूण बघत नाहीत, आणि कधीकाळी रद्द केलेली बिलं जिवंत होतात. म्हणून प्रत्येक पार्टीची बाकी जुन्या छापील खतावणीशी ताडा.

दुसरा खड्डा मराठी नावांचा. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी दिसणारी अक्षरपद्धत) नसतो, नुसता उचलला तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. फॉन्ट कुठला ते आधी शोधा आणि त्याच फॉन्टचा कन्व्हर्टर वापरा. तरीही रफार आणि पहिली वेलांटी घसरते: सूर्यवंशीचं सूयर्वंशी, शिंदेचं शंिदे. ही नावं डोळ्यांनीच तपासावी लागतात. गावाकडची आडनावं माहीत असलेल्या माणसाला दोन दिवस बसवा. त्याच वेळी दुबार पार्ट्या एक करा. जीएसटी क्रमांकातलं तिसरं ते बारावं अक्षर म्हणजे पॅन, त्यावर क्रम लावला की व्यापाऱ्यांची दुबार खाती लगेच दिसतात. शेतकऱ्यांसाठी मोबाइल नंबर आणि गाव धरा.

तारीख १ एप्रिलच ठेवा. वहीपूजन दिवाळीत होतं म्हणून सॉफ्टवेअरही तेव्हाच सुरू करायचा आग्रह घरात होईल, पण तेव्हा सोयाबीनची आवक जोरात असते आणि बिलांचे क्रमांक अधेमधे तोडावे लागतात. पूजा दिवाळीला करा, बाक्या एप्रिलला उतरवा. जानेवारी ते मार्च तुरीची गर्दी, म्हणून शिकवणी त्याआधी, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. ३१ मार्चला गोदाम मोजा: तूर, डाळ, चुनी (डाळीचा चुरा), टरफल, रिकामं बारदान, पोती आणि क्विंटल दोन्हींत. मग १५ दिवस दोन्हीकडं नोंदी, रोज संध्याकाळी रोकड, साठा आणि दहा पार्ट्यांच्या बाक्या जुळवायच्या. पंधरवड्यापुढं दुहेरी काम ओढू नका. माणसं थकतात आणि दोन्हीकडं चुका होतात.

काट्याचा इंडिकेटर सिरीयल पोर्टवर असेल तर नव्या संगणकाला यूएसबी कन्व्हर्टर लागेल. बॉड रेट आणि पॅरिटी (काटा संगणकाला आकडे ज्या वेगानं आणि पद्धतीनं पाठवतो ती सेटिंग) जुन्या संगणकावरून आधीच टिपून ठेवा. डॉट मॅट्रिक्सवर युनिकोड मराठी चित्रासारखी छापली जाते, म्हणून पट्टी जुन्या वेगानं निघत नाही. गेटवर ट्रॅक्टरची रांग लागलेली असताना हे कळायला नको. आधी ५० पट्ट्या सलग छापून बघा. सर्व्हरला यूपीएस हवाच, आणि इंटरनेट गेलं तरी पट्टी निघाली पाहिजे, म्हणून पट्टीचा प्रोग्राम मिलमधल्याच संगणकावर ठेवा.

जुना प्रोग्राम पुसू नका. जीएसटीची वह्या-कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात, कंपनी असेल तर हिशोब ८ वर्षं. व्हर्च्युअलबॉक्समधली प्रत फक्त बघण्यापुरती ठेवा, पासवर्ड पाकिटात घालून तिजोरीत, आणि ती उघडते की नाही ते दर सहा महिन्यांनी बघत जा.