वाचक विचारतात : गलीनाच्या जुन्या विटा

प्रश्न : अमेरिकेतल्या इलिनॉयमधील गलीना गावी, मेन स्ट्रीटवर, एका जुन्या विटांच्या इमारतीत आमच्या मुलाने दुकान घेतले आहे. विटांमधल्या दर्जा (सांधे) सिमेंटने भरल्यावर विटांच्या खपल्या निघू लागल्या. असे का?

उत्तर : चूक सिमेंटची आहे. गलीना हे जो डेव्हिस काउंटीचे मुख्य ठिकाण. शिशाच्या खाणींवर आणि आगबोटींवर वाढलेले. १८५५चे डिसोटो हाउस हॉटेल त्याच भरभराटीच्या काळातले. त्या काळच्या विटा मऊ आणि त्यांचा मसाला चुन्याचा. भिंतीतला ओलावा चुन्याच्या सांध्यांतून बाहेर पडतो. सिमेंटने ती वाट बंद होते, पाणी विटेत साचते, हिवाळ्यात गोठून फुगते आणि विटेचा पापुद्रा उडतो.

सिमेंट छिन्नी-हातोडीनेच काढा. ग्राइंडर विटेची कड खातो, ती पुन्हा येत नाही. सांधा रुंदीच्या दोन ते अडीच पट खोल मोकळा करावा, धूळ झाडून ओला करावा. एक भाग चुना आणि अडीच-तीन भाग चाळलेली वाळू असा मसाला, साधारण ६ मिलिमीटरच्या थरांनी भरावा. आधीचा थर बोटाने दाबून ठसा उठेल इतका घट्ट झाल्यावरच पुढचा. पारा ४ अंश सेल्सिअसखाली जाणार असेल तर काम थांबवा. ओली पोती टाकून भिंत सावकाश वाळू द्या.

पाणीरोधक रंग मात्र मुळीच लावू नका, ओलावा आतच कोंडतो.